वितळत नाही म्हणून

कुकरची काळी दांडी गॅसच्या ज्योतीत आली तर काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. ती मऊ पडत नाही, थेंब थेंब गळत नाही. तिला फोड येतात, तडे जातात, घसा धरणारा वास सुटतो आणि जळलेली बाजू काळी, ठिसूळ होते. पण दांडीचा आकार दांडीचाच राहतो. त्याच ज्योतीजवळ प्लास्टिकचा डबा राहिला तर त्याची एक बाजू बघता बघता ओघळते आणि डबा ओळखू येईनासा होतो.

माझं सगळं काम या एका फरकावर उभं आहे. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत रेझिन तापवून कार्बनचे बारीक कण तयार करते. अर्धा मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे केसाच्या जाडीत दीडशेच्या आसपास एका ओळीत मावतील एवढे. सगळे गोल, आणि सगळे जवळपास एकाच मापाचे. एका ग्रॅममध्ये असे साधारण दहा लाख कोटी कण असतात. घरी कुणी विचारलं की मी ‘कोळसा करते’ असं सांगते, आणि ते शब्दशः खरं आहे. लाकडाचा कोळसा करताना जे घडतं तेच इथे घडतं: हवा न लागू देता तापवायचं, जे उडून जाणारं आहे ते उडू द्यायचं, मागे कार्बन राहतो.

प्रयोगशाळा बघायला आलेले पाहुणे मात्र थेट भट्टीकडे जातात. लांब नळीची भट्टी, तिच्यावर लाल आकडे, बाजूला नायट्रोजनचा सिलिंडर. साहजिकच तिथे काहीतरी मोठं घडत असावं असं वाटतं. मी त्यांना आधी बाकावरच्या फ्लास्ककडे नेते. कण कसा होणार, केवढा होणार, आतून कसा होणार, याचा बहुतेक निकाल तिथेच लागलेला असतो.

फ्लास्कमध्ये काय घडतं ते सांगण्याआधी एवढं: प्लास्टिकच्या दोन जाती आहेत. डबे, बादल्या, पिशव्या यांतल्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींजवळून जातात, पण एकमेकींना घट्ट बांधलेल्या नसतात. उष्णता दिली की त्या घसरतात, म्हणून वस्तू वितळते. आणखी तापवलं तर साखळ्या तुटून वायू होऊन निघून जातात आणि मागे फारसं काही उरत नाही. दुसऱ्या जातीत साखळ्यांमध्ये आडवे बंध असतात. सगळी वस्तू म्हणजे एकच विणलेलं जाळं. त्याला घसरायला वावच नसतो. कुकरची दांडी, जुन्या घरांतल्या लाकडी बोर्डावरची काळी बटणं, गाडीच्या ब्रेक लायनिंगमधला डिंकासारखा घटक, हे सगळं या दुसऱ्या जातीतलं, आणि आमचं रेझिनही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७२ साली फिनॉल आणि अल्डिहाइड यांच्यापासून असा चिकट, न धुतला जाणारा पदार्थ होतो याची नोंद केली होती, पण त्या काळात भांड्याला चिकटून बसणारी ती एक कटकटच होती. बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलँड यांनी १९०७ साली उष्णता आणि दाब यांचा मेळ घालून ती कटकट ताब्यात आणली. त्यांचं बेकेलाइट जगभर गेलं.

न वितळणाऱ्या वस्तूचा कोळसा मूळ आकार सोडत नाही, हे मात्र बेकेलाइटच्या आधीपासून माहीत होतं. एडिसनने १८७९ साली दिव्यात घातलेली तार कार्बन झालेल्या सुती धाग्याची होती, आणि पुढे ती जपानी बांबूच्या तंतूची झाली. सेल्युलोजही वितळत नाही. म्हणून धागा धागाच राहिला, फक्त वीज वाहून नेणारा झाला.

आता फ्लास्क. आमची पाककृती मुळात कार्बनची नव्हती, काचेची होती. वेर्नर स्टोबर, आर्थर फिंक आणि अर्न्स्ट बोन यांनी १९६८ साली दाखवून दिलं की अल्कोहोल, पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणात सिलिकॉनचं एक संयुग घातलं तर सिलिकाच्या अगदी एकसारख्या गोळ्या तयार होतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ती कृती केली. मग २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात काम करणाऱ्या जियान लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच पाणी, तेच अल्कोहोल, तोच अमोनिया ठेवून सिलिकाच्या जागी रेझिन आणलं. हा विचार मला आजही फार सुंदर वाटतो. एका क्षेत्रात चाळीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कुणीतरी उचलून शेजारच्या क्षेत्रात नेली, आणि ती चालली.

कृती अशी. वीस मिलिलिटर पाणी, आठ मिलिलिटर इथेनॉल, त्यात अमोनियाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. त्यात रिसॉर्सिनॉल, ०.२ ग्रॅम. हा फिनॉलचाच भाऊबंद, पण फिनॉलपेक्षा बराच चपळ. तो विरघळला की फॉर्मलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, ०.२८ मिलिलिटर. हे सगळं धुराडं असलेल्या कपाटात, कारण फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे आणि त्याच्या बाबतीत ‘एवढ्याशानं काय होतंय’ हे मी कुणाला म्हणू देत नाही. चुंबकाची कांडी तळाशी फिरत असते. फॉर्मलिन पडताना द्रावण नितळ असतं, फ्लास्कमागचं छापील लेबल वाचता येतं. थोड्या वेळात अक्षरांच्या कडा धूसर होतात. उजेडाकडे धरलं तर द्रावणात निळसर झाक दिसते, मग ती झाक दुधाळ होत जाते आणि लेबल दिसेनासं होतं. पुढच्या तासांत दुधात तांबूस छटा चढते. ३० अंशांवर दिवसभर ढवळणं, मग टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या बंद भांड्यात १०० अंशांवर आणखी एक दिवस, म्हणजे जाळं आतपर्यंत पक्कं होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, धुऊन, वाळवून हातात येते ती विटकरी रंगाची पूड.

ती निळसर झाक हा या सगळ्या कामातला कळीचा क्षण. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडचे रेणू जोडत जातात, छोटे तुकडे वाढत जातात, आणि एका टप्प्यावर द्रावणाला ते पेलवेनासे होतात. तेव्हा एकदम, सगळीकडे, बीजं पडतात. ती पडली की द्रावणातला साठा झपाट्याने उतरतो, इतका की नवं बीज पडायला पुरेसा राहत नाही. पण आहे त्या बीजांना वाढायला पुरतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर लामेर यांनी डिनेगर यांच्याबरोबर १९५० साली गंधकाच्या कणांवरून ही मांडणी केली. कोकणातल्या माणसाला ती चटकन कळते: भाताचा तरवा एका दिवशी पेरला तर रोपं एका उंचीची येतात, आठवडाभर थोडा थोडा पेरला तर लावणीला कधीच सारखी रोपं मिळत नाहीत. आमच्या कणांचा सारखेपणा हा चाळणीचा नाही. अर्ध्या मायक्रॉनचे कण वेगळे काढील अशी चाळणी कामाला येत नाही. ते एका वेळी जन्मले म्हणून सारखे आहेत.

अमोनिया इथे दोन कामं करतो. तो जोडणी सुरू करून देतो, आणि त्याच्यापासून झालेले अमोनियमचे धनभारित आयन कणांच्या पृष्ठभागाशी राहून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. अल्कोहोल आणि पाणी यांचं प्रमाण बदललं, अमोनिया कमीजास्त केला, की व्यास साधारण २०० नॅनोमीटरपासून एक मायक्रॉनपर्यंत हलवता येतो. शोधनिबंधात हे सगळं चार ओळींत असतं. कांडी किती लांबीची, फ्लास्क गोल बुडाचा की सपाट, फॉर्मलिन एका दमात ओतलं की थेंबाथेंबाने, हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. ते लिहायला हवं असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे, कारण नव्या विद्यार्थ्याचे महिने त्या न लिहिलेल्या ओळींत जातात.

सारखे कण करणं किती अवघड असू शकतं याचं एक उदाहरण अवकाशातलं आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९८५ साली दहा मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीन गोळ्यांचं एक प्रमाण विकायला काढलं, सूक्ष्मदर्शक आणि कणमापक यंत्रं पडताळून बघण्यासाठी. त्या गोळ्या चॅलेंजर यानात वाढवलेल्या होत्या. जमिनीवर एवढ्या मोठ्या गोळ्या वाढताना वर तरंगतात किंवा तळाशी बसतात आणि सारखेपणा बिघडतो. वजनरहित अवस्थेत तो प्रश्न उरत नाही. अवकाशात तयार होऊन बाजारात विकली गेलेली ती पहिली वस्तू. आमचे कण त्यांच्या वीसपट लहान, म्हणून पाण्यातल्या रेणूंचे धक्केच त्यांना तरंगत ठेवायला पुरतात आणि बाकावर भागतं.

मग भट्टी. विटकरी पूड अ‍ॅल्युमिनाच्या होडीच्या आकाराच्या छोट्या भांड्यात पसरायची. त्याला आम्ही ‘बोट’च म्हणतो. बोट नळीच्या मध्यावर सरकवायची, दोन्ही टोकं बंद करायची आणि नायट्रोजन सोडायचा. बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांनी जातो, त्यावरून प्रवाह चालू आहे हे कळतं. मध्यरात्री सिलिंडर संपला आणि हवा आत शिरली तर सकाळी बोट रिकामी मिळते; रेझिनच्या कार्बनमध्ये राख जवळजवळ नसते, त्यामुळे काही होतं याची खूणसुद्धा राहत नाही.

तापमान मिनिटाला एक अंशाने चढवायचं. ३५० ला दोन तास थांबायचं, मग तसंच सावकाश ७०० पर्यंत, तिथे चार तास. चढायला आणि थांबायलाच सतरा-अठरा तास जातात, वर थंड होण्याचा वेळ वेगळा. पहिल्या टप्प्यात पाणी जातं, राहिलेली जोडणी पुरी होते. साधारण ३०० ते ६०० च्या दरम्यान सगळ्यात जास्त घडामोडी होतात: मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, फिनॉलचे तुकडे बाहेर पडतात. नळीच्या थंड टोकाला पिवळसर तपकिरी डांबर जमतं आणि ते रबराच्या बुचाला असं धरतं की काढताना बूच फाटावं. ६०० च्या पुढे मुख्यतः हायड्रोजन निघतो. कार्बनच्या षट्कोनी चकत्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात आणि ७०० च्या आसपास, तोवर विजेला अडवणारा पदार्थ वीज वाहू लागतो. एकेकाळी विजेच्या बटणासाठी निवडलं गेलेलं तेच रेझिनचं कुळ आता तारेच्या बाजूला गेलेलं असतं.

वजन जवळपास निम्मं होतं. व्यास पाचव्या-चौथ्या हिश्शाने कमी होतो. पण सगळे कण सारखेच आक्रसतात, म्हणून सारखेपणा टिकतो. सकाळी बोट काढली की आत काळी पूड असते, इतकी हलकी की हातमोज्याच्या स्थिर विजेनेच उडून चिकटते आणि पाण्याने धुतल्यावर नखांच्या कडेने राहते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली की गोळ्या आपणहून षट्कोनी मांडणीत बसलेल्या दिसतात. लहानमोठ्या गोळ्या अशा बसू शकत नाहीत. मापनाचे आकडे यायच्या आधीच या मांडणीवरून मला कळतं की फ्लास्कमध्ये बीजं एकदम पडली होती.

इथपर्यंतची गोष्ट आकाराची. आतली गोष्ट मला जास्त जवळची आहे, आणि ती रोझलिंड फ्रँकलिन यांच्यापाशी जाते.

डीएनएच्या छायाचित्रामुळे फ्रँकलिन सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधी त्यांनी दगडी कोळसा आणि कार्बन यांवर जे काम केलं ते एकट्यानेच त्यांचं नाव टिकवायला पुरेसं होतं. युद्धकाळात लंडनमध्ये कोळशातल्या छिद्रांचा अभ्यास, आणि १९४७ पासून पॅरिसच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी कार्बनच्या आतल्या रचनेचा. त्यांनी निरनिराळ्या पदार्थांचा कोळसा करून तो ३००० अंशांपर्यंत तापवला. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की कार्बनचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग तापवत गेलं की ग्राफाइट होतो. दुसरा कितीही तापवला तरी होत नाही. त्यांच्या नमुन्यांतली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीव्हीसी, म्हणजे आपल्या नळाच्या पाइपाचं प्लास्टिक, याचा कोळसा ग्राफाइट झाला. त्याचाच सख्खा शेजारी, ज्यात क्लोरीन दुप्पट असतो तो पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड, झाला नाही.

कारण काय? पीव्हीसी कोळसा होण्याच्या वाटेवर एकदा पातळ होतो, डांबरासारखा. त्या पातळ अवस्थेत कार्बनच्या चकत्यांना हलायला, वळायला, एकमेकींवर नीट रचून बसायला सवड मिळते. दुसरा पदार्थ कुठेच पातळ होत नाही. त्याच्या चकत्या जिथे तयार झाल्या तिथेच, वेड्यावाकड्या कोनांत, आडव्या बंधांनी जखडल्या जातात. नंतर ३००० अंशांची आगही त्यांना रचून बसवू शकत नाही.

म्हणजे जो गुण आमच्या गोळीला गोल ठेवतो, तोच तिला आतून ग्राफाइट होऊ देत नाही. वितळत नाही म्हणून आकार राहतो, आणि वितळत नाही म्हणूनच आतली अव्यवस्था राहते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं पाठ्यपुस्तकं वाचताना वाटतं. बाकावर काम करताना ती एकच गोष्ट आहे हे दिसायला लागतं.

या हट्टी कार्बनचे उपयोग बरेच आहेत. रसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्यांनी विद्युतरसायनाच्या प्रयोगात अ‍ॅल्युमिनाच्या लगद्यावर घासून चकचकीत केलेला तो काळा इलेक्ट्रोड आठवावा. ग्लासी कार्बन म्हणतात तो असाच, रेझिन तापवून केलेला. एडिंबरोचे जॉन नॉक्स यांनी क्रोमॅटोग्राफीसाठी वेगळीच युक्ती केली: सिलिकाच्या सच्छिद्र गोळ्यांमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन भरलं, त्याचा कार्बन केला, सिलिका विरघळवून टाकली आणि उरलेली कार्बनची जाळीदार गोळी २००० अंशांच्या वर तापवली. औषधांच्या विश्लेषणात वापरला जाणारा हायपरकार्ब नावाचा स्तंभ त्यातून आला. तिथे कणांचा सारखेपणा ही चैन नसते. स्तंभात लहानमोठे कण असले तर द्रव कुठे भरभर, कुठे रेंगाळत जातो आणि वेगळे व्हायला हवेत ते पदार्थ एकमेकांत मिसळून बाहेर येतात.

तुमच्या सोसायटीत पाण्याचा सॉफ्टनर असेल तर त्यातल्या पिवळट तपकिरी मण्यांचाही इथे संबंध आहे. ते पॉलिस्टायरीनचे असतात. नुसतं पॉलिस्टायरीन तापवलं तर ते वितळून उडून जाईल. पण त्यात आडवे बंध घातलेले असतात आणि गंधकाम्लाने सल्फॉनिक गट जोडलेले असतात. अशा मण्यांचा गोल कार्बन होतो, आणि तो वाफेत किंवा कार्बन डायऑक्साइडमध्ये ८००-९०० अंशांवर तापवला की त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडतात. एका ग्रॅमला हजार चौरस मीटर आणि त्याहून जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणजे चिमूटभर पुडीत दहा गुंठे. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या सैनिकी पोशाखांच्या कापडावर असे गोल कण चिकटवतात.

बॅटरीला मात्र बरोबर उलटं हवं असतं, आणि सध्या आमच्याकडे येणारी सगळी विचारपूस बॅटरीची आहे.

लिथियम-आयन बॅटरीत लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतो. सोनीने १९९१ साली ही बॅटरी बाजारात आणली तेव्हा तिच्यात ग्राफाइट नव्हता. आधी कोक होता, मग फर्फ्युरिल अल्कोहोलच्या रेझिनपासून केलेला न-ग्राफाइट होणारा कार्बन, ज्याला आज हार्ड कार्बन म्हणतात. पुढे ग्राफाइटने त्याला बाजूला सारलं. आता सोडियमने त्याला परत आणलं आहे. सोडियम ग्राफाइटमध्ये नीट शिरत नाही. पुष्कळदा सांगितलं जातं की तो आकाराने मोठा आहे म्हणून. पण पोटॅशियम त्याहून मोठा असून शिरतो, तेव्हा कारण एवढं सोपं नाही. ग्राफाइटबरोबर सोडियमचं स्थिर संयुग बनण्यात ऊर्जेचं गणितच जुळत नाही. हार्ड कार्बनमध्ये थर जास्त सैल असतात, ग्राफाइटच्या ०.३३५ नॅनोमीटरऐवजी ०.३७ ते ०.४० इतक्या अंतरावर, आणि वेड्यावाकड्या चकत्यांच्या मध्ये बंद पोकळ्या असतात. सोडियम या दोन्ही जागी बसतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली ग्लुकोजपासून केलेल्या हार्ड कार्बनमध्ये ग्रॅमला सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास सोडियम साठवून दाखवला. ग्राफाइटमध्ये लिथियमचा सैद्धांतिक आकडा ३७२ आहे. फ्रँकलिन यांनी ग्राफाइट होत नाही म्हणून जो कार्बन वेगळा काढला, त्याच्याच अव्यवस्थेत सोडियमला जागा सापडली.

इथे गोल, गुळगुळीत कणाचा फायदा असा की त्याचा बाहेरचा पृष्ठभाग कमी असतो. पहिल्या चार्जिंगला या पृष्ठभागावर एक थर तयार होतो आणि तो करण्यात काही सोडियम कायमचा खर्ची पडतो. छिद्रं बाहेर उघडी असतील तर हा तोटा फार होतो. म्हणून बॅटरीच्या कार्बनला छिद्रं हवीत ती आत, झाकलेली. ७०० अंशांवर काढलेल्या आमच्या गोळ्या पुन्हा १३००-१४०० पर्यंत नेल्या की वरची छिद्रं मिटत जातात.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, आणि त्यामागचं सुरुवातीचं काम आयसर पुणे इथे डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने केलेलं आहे. मीठ आपल्याकडे भरपूर, लिथियम नाही. हा विषय आपल्या शहरात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसांच्या हातून पुढे जातो आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

पण हिशोब करून बघायला हवा. तीन किलोवॅट-तासांची स्कूटरची बॅटरी, सेलचा दाब सरासरी तीन व्होल्ट धरला, तर ग्रॅमला ३०० च्या हिशोबाने तीन-साडेतीन किलो हार्ड कार्बन लागेल. वर सांगितलेल्या कृतीतून एका खेपेला कार्बन मिळतो दशांश ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे एका स्कूटरसाठी सातशे-आठशे लिटर द्रावण: पाणी, अल्कोहोल, अमोनिया, फॉर्मलिन. ते सगळं परत गोळा करायचं, शुद्ध करायचं. आणि टाकी मोठी झाली की सगळ्या कोपऱ्यांत फॉर्मलिन एकाच वेळी पोचत नाही, बीजं मागेपुढे पडतात, सारखेपणा तिथेच जातो. रिसॉर्सिनॉल महाग आहे तो वेगळाच. म्हणून मी स्पष्ट सांगते की स्कूटरच्या बॅटरीत असे मापून घडवलेले कण जाणार नाहीत आणि जायची गरजही नाही. बॅटरीला थोडे लहानमोठे कण चालतात. किंबहुना मोठ्यांच्या फटींत लहान बसले तर भराव चांगला होतो. कारखान्यांत रेझिनचे किंवा नारळाच्या करवंटीचे तुकडे दळून काम भागतं. आमच्या सारख्या गोळ्यांचं मोल वेगळं आहे. कण सारखे असले तरच एका वेळी एकच गोष्ट बदलून बघता येते. व्यास तोच ठेवून तापमान बदललं, तापमान तेच ठेवून व्यास बदलला, मग सोडियम कुठे बसतो हे ठामपणे सांगता येतं. दळलेल्या पुडीत दहा गोष्टी एकदम बदलतात.

स्वस्त रेझिनचा शोध मला गावाकडे घेऊन गेला. मी वेंगुर्ल्याकडची. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं; काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल आणि राख लावून बसायच्या. ती आग अ‍ॅनाकार्डिक आम्लाची. टरफलं भाजली की त्याचं कार्डेनॉल होतं, आणि कार्डेनॉल म्हणजे फिनॉलच, फक्त पंधरा कार्बनची एक लांब शेपटी लागलेला. तो फॉर्माल्डिहाइडशी जुळतो, त्याचं न वितळणारं रेझिन होतं, आणि ब्रेक लायनिंगमध्ये ते पूर्वीपासून वापरात आहे. ज्या टरफलांनी बायकांचे हात सोलले त्यांच्यापासून बॅटरीचा कार्बन व्हावा, ही माझी इच्छा आहे, आणि ती मी संशोधनाच्या प्रस्तावातही जवळपास याच शब्दांत लिहिली आहे.

अडचण त्या शेपटीची आहे. ती ४०० अंशांच्या आसपास तुटून तेल आणि वायू होऊन निघते, त्यामुळे हाती लागणारा कार्बन फिनॉलच्या रेझिनपेक्षा कमी. शिवाय ती जाळ्याला सैल ठेवते, म्हणून तापताना कण मऊ पडायची भीती, आणि मऊ पडले की ते एकमेकांना चिकटले. कार्डेनॉलमध्ये साधा फिनॉल मिसळून जाळं घट्ट करता येतं. वाळलेली पूड आधी हवेत दोन-अडीचशे अंशांवर काही तास ठेवली तर ऑक्सिजन शेपट्यांना एकमेकींत गुंतवतो, आणि नंतर ती नायट्रोजनमध्ये जास्त धीर धरते. सध्या आमच्या भट्टीत याच पुड्या फिरताहेत: फिनॉलचं प्रमाण उतरत्या क्रमाने, आणि ३५० ते ४५० मधला चढ मिनिटाला अर्ध्या अंशाचा. फिनॉल निम्म्यापर्यंत उतरवला तोवर कण सुटे राहिले. त्याच्या खाली ते अजून एकमेकांना धरतात.